कोलन कॅन्सरमध्ये स्नायूंचे जीन एवढे खाली कसे?

प्रश्न: टीसीजीए या कॅन्सर-नमुन्यांच्या डेटाबेसमधले कोलन (मोठं आतडं) ट्यूमर आणि नॉर्मल म्हणून जीटेक्स या कॅन्सर नसलेल्या ऊतींच्या डेटाबेसमधलं सिग्मॉइड (कोलनचा शेवटचा भाग) घेऊन डीसेक२ (कुठले जीन वर-खाली झाले ते काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर डेस्मिन, एमवायएच११ हे स्नायूंचे जीन यादीत पार तळाला. सर म्हणतात कॅन्सरचा भारी मार्कर (ओळखखूण) सापडला, मला काही पटेना.

उत्तर १: मार्कर कसला डोंबलाचा! जीटेक्समधलं सिग्मॉइड म्हणजे मुख्यतः आतड्याचा स्नायू, आणि हा कॅन्सर उगवतो आतल्या अस्तरातून, म्हणजे तू अस्तराची तुलना स्नायूशी करतोयस.

उत्तर २: टीसीजीएमधलेच ट्यूमरशेजारचे नॉर्मल नमुने घे ना, चाळीसेक आहेत, पेशंटनुसार जोड्या लाव, बॅचची (नमुने वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाल्याने येणाऱ्या फरकाची) भानगडपण बरीच मिटते. जीयूसीए२ए, सीए१ (निरोगी अस्तराचे जीन) खाली आणि सीडीएच३, एमएमपी७ (ट्यूमरमध्ये वाढणारे जीन) वर आले की समज गाडी रुळावर.

प्रश्नकर्ता: च्यायला, सरांनी पोस्टरपण छापायला टाकलंय. 😭