मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाची उलटी झालेली झोप मार्गी कशी लावावी?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून गेली ११ वर्षे त्याचे स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. गोळ्या तो नियमित घेतो, भासही पुष्कळ कमी झाले आहेत, त्यामुळे दर तपासणीत ‘तब्येत स्थिर’ एवढाच शेरा पडतो. घरी मात्र तो पहाटे चारला झोपतो आणि दुपारी एकला उठतो. रात्रभर त्याच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि दर वेळी आई उठून दाराखालच्या फटीतून दिवा चालू आहे का ते पाहते.

मध्यंतरी त्याला एका झेरॉक्सच्या दुकानात सकाळी दहा ते दोन असे काम मिळाले होते. ते नऊ दिवस टिकले. काम त्याला जमत होते, दहाला पोहोचणे जमले नाही. “आवाजांचं मी बघून घेतो ताई, मला सकाळ हवी आहे,” असे तो त्या दिवशी म्हणाला. त्याला विचारूनच हे लिहीत आहे.

त्याला पहाटे लवकर उठवावे, दुपारी आडवे होऊ देऊ नये, असे सगळेच सांगतात. निद्रानाशावरच्या सीबीटीतही (विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसोपचारातही) अंथरुणातला वेळ आधी कमी करतात, हे मी वाचले आहे. पण याआधी दोनदा त्याचा आजार उलटला, तेव्हा आठवडाभर आधीपासून झोपच घटली होती. त्यामुळे वेळ बसवण्याच्या नादात झोप तोडणे मला धोक्याचे वाटते. ज्या शुभंकरांनी (रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी) हे केले आहे, त्यांनी रोज किती मिनिटांनी वेळ अलीकडे आणली, आणि ‘आता थांबावे’ हे कशावरून ओळखले?

दुसरी शंका घोरण्याची. ओलान्झापीन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध सुरू झाल्यापासून त्याचे वजन १४ किलोंनी वाढले आहे (या औषधाने वजन वाढते, हे सर्वज्ञात आहे) आणि घोरता घोरता मध्येच त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटतो. स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास थांबणे) असेल तर झोपेची आणखी एखादी गोळी उलट अपाय करू शकते, म्हणून आधी स्लीप स्टडी (डोक्याला व अंगाला तारा लावून रात्रभर झोपेची नोंद घेणारी तपासणी) करावी असे मला वाटते. अडचण अशी की डोक्याला तारा लावून आपले विचार नोंदवले जातात, हाच त्याचा जुना संशय होता. एखाद्या शुभार्थीने (मानसिक आजार असलेल्या व्यक्तीने) ही तपासणी केली असल्यास, तंत्रज्ञाला आधी काय सांगून ठेवावे ते कृपया लिहावे.

औषधांचे डोस सुचवू नयेत, ते आम्ही डॉक्टरांशीच बोलू. उत्तरे त्यालाही वाचून दाखवणार आहे, अर्थात दुपारी एकनंतर.