एका दिवसाची सायकल, गटाने : तुमचे अनुभव सांगा

मागचं चाक, छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्याला समुद्र नाही, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य पैठणच्या अलीकडे नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, दिसला की जरा वेळ बाजूला ठेवावं लागतं. पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटा येतात, चिखलात होड्या ओढून ठेवलेल्या असतात. गेल्या जानेवारीत आम्ही चौदाजण सायकलने तिकडे गेलो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, एका दिवसात. आधी माझं सांगतो, मग तुम्ही सांगा. रस्ता, खाणं, फजिती, भांडणं, सगळं चालेल. 'खूप मजा आली' एवढं लिहून मात्र पळू नका.

पहाटे साडेपाचला क्रांती चौकातून निघालो. बोटं इतकी आखडलेली की ब्रेक दाबला की नाही ते चाक थांबल्यावर कळायचं. बिडकीनला चहा, तिथून ढोरकीन, आणि वारं पाठीमागून. त्यामुळे चौदाच्या चौदाजणांना आपण फार मोठे सायकलपटू आहोत असं वाटायला लागलं. हिवाळ्यात आपल्याकडे वारं बहुतेक ईशान्येकडून येतं आणि पैठण दक्षिणेला. येताना काय होणार हे गणित निघताना कुणीच केलं नव्हतं.

धरणावर फोटोबिटो झाले. १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, दरवाजे सत्तावीस, एवढी माहिती एकाने घडाघडा सांगितली. दुसरा गप्प होता. त्याच्या आईचं माहेर याच पाण्यात गेलेलं. थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाला, "ते बगळे बसलेत ना, त्याच्याही पलीकडं आमच्या मामाची विहीर." मग घडाघडा बोलणाराही गप्प झाला.

पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, गहू पेरतात. त्या गाळपेऱ्याच्या कडेकडेने पायवाट जाते. लांब पाण्यात गुलाबीसर रेघ दिसली, रोहित पक्षी असणार म्हणून आम्ही सगळे त्या वाटेला लागलो. ही चूक. वाटेवर वाळलेल्या सराट्यांचा सडा पडलेला. दोनशे मीटरात नऊ पंक्चर! सराट्याचं काम वाईट असतं. काटा बाहेरून नखाने उपटला तरी त्याचं टोक टायरात राहतं. ट्यूब काढून टायरच्या आतून बोट फिरवावं लागतं, हळूच, नाहीतर बोटालाच पंक्चर. एकाने पॅच लावला, बोट फिरवायचं विसरला, हवा भरली, दहा पावलांवर पुन्हा फुस्स. सोल्युशनची ट्यूब संपली तेव्हा अजून दोन चाकं बाकी होती. रोहित तोवर उडून गेले होते.

परतताना तेच वारं समोरून. ढोरकीनला आम्ही चौदा होतो, बिडकीनला आठ, शहरात शिरताना पुढचे पाचजण घरी पोचून आंघोळी करून बसलेले. मी सगळ्यात मागे एका सहकाऱ्याबरोबर थांबत थांबत रात्री आठला आलो. म्हणून माझा खरा प्रश्न असा आहे : तुमच्या गटात शेवटच्यासाठी कोण थांबतं? निघण्याआधी ठरवता, की ऐनवेळी जो सापडेल तो?

अंबडची मास्तरीण

आमच्यात शेवटी मीच असते, ते माझ्या वयामुळे आपोआप ठरतं. शाळेतल्या बावीस मुली आणि मी, जांब समर्थला गेलो होतो. समर्थ रामदासांचं जन्मगाव, आमच्या शाळेपासून अकरा किलोमीटर. मुलींच्या सायकली मानव विकास या सरकारी योजनेतल्या, पुढे जाळीची टोपली, त्यात डबा.

सप्टेंबर संपत आलेला, आदल्या रात्री पाऊस. जाताना डांबरी रस्त्याने नीट गेलो. येताना एकीने सांगितलं, मॅडम, आमच्या शेतातून जवळ पडतं. मी हो म्हणाले. मी मूळची शहरातली, काळ्या रानाला पावसानंतर हात लावायचा नसतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, पायातून नव्हतं. पन्नास पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा ठासून बसला की चाक फिरायचंच बंद झालं. ढकलली तर सायकल नुसती घसरत पुढे जाते, नांगरासारखी. चपलेला दोन-दोन किलो माती. बांधावर गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा ढीग होता, मुलींनी एकेक काडी मोडून घेतली आणि मडगार्ड कोरायला लागल्या. कोरायचं, वीस पावलं जायचं, परत कोरायचं. शेवटी दोघी-दोघींनी मिळून एकेक सायकल उचलली, रस्त्यावर ठेवली आणि दुसरीसाठी माघारी. आठवीतली एक म्हणाली, "मॅडम, आज सायकल आपल्यावर बसली."

माझी सायकल कुणी उचलली ते मला अजून माहीत नाही. मी पोचले तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, मडगार्ड कोरलेलं.

हवा कमी, परभणी

थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर. अर्धा रस्ता लोकांनी सोयाबीन वाळत घातलेला. उरलेल्या अर्ध्यात समोरून ट्रॅक्टर आला म्हणून मी दाण्यांवरून सायकल घातली. छर्रे पसरावेत तसं झालं, मी आडवा. मालक धावत आला आणि आधी सोयाबीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाला, "लागलं का मामा?" तोवर माझा गट तीन किलोमीटर पुढे. शेवटच्यासाठी कोण थांबतं, याचं उत्तर माझ्यापुरतं सोयाबीनवाला.

औसेकर

धाग्यात खरा समुद्र कुणी आणला नाही म्हणून आणतो. आम्ही लातूरकडचे नऊजण टेम्पोत सायकली घालून कोकणात गेलो होतो. दिवेआगरहून श्रीवर्धन आणि तिथून हरिहरेश्वर. अंतर चाळीसच्या आत-बाहेर, म्हणून आम्ही हसलो. आपण सपाटीची माणसं, चाळीस म्हणजे नाश्त्याच्या आधी. तिथं रस्ता काही ठिकाणी अगदी समुद्राला चिकटून जातो, इतका की लाट फुटली तर अंगावर येईल असं वाटतं, आणि मग एकदम वळण घेऊन टेकाडावर चढतो. चढ छोटे, पण उभे. गिअर पाडेपर्यंत निम्मा चढ गेलेला असतो आणि पाय खाली. उतरलो की परत समुद्र, परत टेकाड.

आणि घाम. आपल्याकडे घाम येतो तसाच वाळतो, शर्टावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. तिथं वाळतच नाही. पाणी पितोय तेवढं बाहेर येतंय. दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले, तेही दहा वाजायच्या आत.

ओहोटी होती म्हणून ओल्या वाळूवरून सायकली पळवल्या. ते मात्र विसरणार नाही. डांबरासारखी घट्ट वाळू, आवाज नाही, नऊ चाकोऱ्या मागे उमटत जातात आणि पाणी येऊन पुसतं. सकाळी उठून बघतो तर प्रत्येकाची चेन लाल. खारं पाणी आणि वाळू, रात्रभरात गंज. तिथल्या मेकॅनिकने सांगितलं, गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, तेल द्यायचं, मगच झोपायचं.

मुक्कामाच्या घरातली आजी आम्हाला सायकली धुवायला विहिरीचं पाणी काढून देत होती. कुठले विचारलं. लातूर म्हटल्यावर तिचा हात थांबला. "रेल्वेने पाणी आणलं होतं, ते का हो तुमचं?" २०१६ची गोष्ट तिला बरोबर माहीत होती, मिरजेसकट. आम्ही हो म्हटलं. तिने बादली भरली आणि आमच्यातल्या एकाने नऊ सायकली त्या एका बादलीत धुतल्या. ती बघत राहिली. "घ्या की अजून," म्हणाली. सवय हो, दुसरं काय.

रिकामी बाटली, नांदेड

माझा अनुभव कडू आहे, चालणार असेल तर लिहितो. पैसे भरून गेलो होतो, टी-शर्ट आणि पदक मिळणार होतं. आयोजकांचं नाव घेत नाही. नांदेड ते कंधार. एप्रिल महिना, सहाला निघायचं ठरलेलं, पण हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे साडेसातला आले. दर दहा किलोमीटरला पाण्याची गाडी असेल असं सांगितलेलं. पहिली दिसली. दुसरी आजतागायत दिसायची आहे.

सोनखेडच्या पुढे एक पोरगा सायकलवरून न पडता नुसता बाजूला बसला. अंग तापलेलं, पण घाम नाही, बोलणं तुटक. पुढचे निघून गेले, त्यांना पदकाची घाई. आम्ही तिघांनी त्याला बाभळीखाली ओढलं. शेजारच्या रानात विहीर होती, पण लाईट नव्हती, म्हणजे मोटर बंद. म्हातारबाबा बादली आणि दोर घेऊन आले, शेंदून त्याच्या डोक्यावर ओतत राहिले. अंग निवलं, धड बोलायला लागला, तेव्हा त्याला घोट-घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. बाबा बादली ओतता ओतता एवढंच म्हणत होते, "कशाला मरायलाव बा उन्हात?"

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळातला आहे म्हणतात. मी अजून पाहिलेला नाही. पदक मात्र घरपोच आलं.

डबलसीट, तुळजापूर

नळदुर्गला येत असाल तर पावसाळ्यात या. बोरी नदी किल्ल्यातच बांधाने अडवलीय, त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे आणि पाणी सांडायला लागलं की नर-मादी धबधबे सुरू होतात. तुळजापूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. कोजागिरीच्या आसपास मात्र सोलापूर रस्त्यावर सायकल घालू नका. रस्ता पायी येणाऱ्यांचा असतो. आम्ही एकदा हेल्मेट, गॉगल घालून निघालो होतो, शेजारून सत्तरीची बाई अनवाणी चाललेली. आम्ही उतरून सायकली हातात धरल्या.

आठवा गिअर, छत्रपती संभाजीनगर

वरच्या पैठणच्या गोष्टीतला 'एक सहकारी' म्हणजे मी. दुरुस्ती करतो. मी मागे पडलो होतो हे खरं, वय बावन्न, वारं समोरून. पण मागचं चाक माझ्यासाठी थांबले नव्हते. त्यांच्या मागच्या चाकात हळू पंक्चर होतं, सोल्युशन संपलेलं आणि पंप माझ्याकडे. दर चार किलोमीटरला मी हवा मारून देत होतो, ते श्वास घेत होते. बिडकीनला भजी त्यांनी खाऊ घातली, ते मान्य.

पंप अजून त्यांच्याच घरी आहे. येत्या रविवारी हुरड्याला यायचंय ना, घेऊन या.