अनुभव धागा : व्हिडिओ कॉलवर गाणं-वाजवणं शिकताय? नाशिककर, लिहा

परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तुमचा गाण्याचा क्लास मोबाइलवर असतो ना? आमच्या छोटीला लावू का?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकले. पाच वर्षं शिकतेय, तरी हो म्हणावं की नको हे ठरेना. म्हणून हा धागा. कॉलवर शिकणारे, शिकवणारे, मुलांना दामटून बसवणारे आणि वैतागून सोडून दिलेले, सगळ्यांनी लिहा. नुसते व्हिडिओ बघून शिकणं यात धरू नका. पलीकडे चूक काढणारं माणूस हवं.

सुरुवात मीच करते. राहते इंदिरानगरला, वय ४८, गाणं शिकते. आमच्या बाई गंगापूर रोडला घरी शिकवायच्या. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा "दोन आठवडे फोनवर करू" म्हणाल्या. पुढे त्या लेकाकडे बंगळूरला राहायला गेल्या आणि ते दोन आठवडे अजून संपलेले नाहीत.

पहिल्याच दिवशी बाई सवयीने म्हणाल्या, "लाव सा माझ्याबरोबर." मी लावला. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या. "अगं, मागे का रेंगाळतेस?" मी कुठे रेंगाळत होते! त्यांचा आवाज मला उशिरा येत होता, त्यावर मी गात होते, आणि माझा आवाज त्यांच्याकडे आणखी उशिरा पोहोचत होता. त्या दिवसापासून आमच्यात एकत्र गाणं बंद. आधी त्या, मग मी. त्या गातात तेव्हा मी माझा माइक बंद ठेवते.

पूर्वी मी बाईंच्या आवाजाचा पदर धरून तान पार करायचे आणि आपल्याला येतंय असं समजायचे. पदर सुटला तेव्हा कळलं, यमन रागातला माझा तीव्र मध्यम (चढा 'म') पार खाली बसतोय. बाई म्हणाल्या, "समोर होतीस तेव्हा मलाही नीट ऐकू आलं नव्हतं, मी स्वतःच गात होते ना!" त्या एका मध्यमावर दोन महिने गेले. तरी संध्याकाळी तानपुरे लावून दोघींनी एका श्वासात सा लावायचा, ते काही या फोनमधून येत नाही.

डग्गा (सिडको)

मुलगा ११ वर्षांचा, तबला शिकतो. सर इथलेच, नाशिकरोडचे, पण आठवड्यातून दोनदा संध्याकाळी द्वारकेच्या गर्दीतून पोराला नेणं-आणणं जमेना, म्हणून एक वार प्रत्यक्ष आणि एक वार कॉल असं ठरवलं. मग माझी शिफ्ट बदलली आणि तीन महिने दोन्ही वार कॉलवरच गेले.

त्या तीन महिन्यांनी सरांकडे गेलो. पोराने कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) धरला, सरांनी तालाची चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "डावा हात काय करतोय?" डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्यावर, नुसत्या थपडा. घुमारा नाही की मनगटाचा दाब नाही. फोनच्या स्पीकरमधून खर्जाचा आवाज येतच नाही. सरांना घरी 'धा' (दोन्ही हातांचा बोल) ऐकू यायचा तो खरं तर नुसता 'ना' (एकट्या उजव्याचा) असायचा, डग्गा ते मनाने भरून घेत होते.

आता आमची मांडणी अशी आहे: फोन उंचावर नाही, बुटक्या तिपाईवर, डाव्या हाताकडे तोंड करून. सरांनी कानात वायरवाले चांगले इअरफोन घालायचे. ब्लूटूथवाले आम्ही काढून टाकले, त्याने आवाज आणखी मागे पडतो.

लयीचं गणित बघा. द्रुत म्हणजे जलद तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. कॉल थोडा मंदावला की एवढा उशीर सहज होतो. म्हणजे सरांनी तिथे टाळी देऊन ताल धरला, तर त्यांची सम (तालाची पहिली मात्रा) इथे दुसऱ्या मात्रेवर ऐकू येते. म्हणून सर टाळी देत नाहीत. लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, आमच्या घरी दुसऱ्या फोनवर लावतो. लेहरा आणि तबला दोन्ही सरांकडे सारख्याच उशिराने जातात, त्यामुळे पोरगं समेवर आलं की नाही ते त्यांना बरोबर कळतं. हे सुचायला आम्हाला वर्ष लागलं.

पावसाळ्यात तबल्याचा सूर उतरतो आणि बाजूचे लाकडी गट्टे ठोकून तो चढवावा लागतो, तेव्हा मात्र नुसता गोंधळ. सर पलीकडून ओरडतात, "त्या गट्ट्यावर नाही, त्याच्या शेजारच्या!" आणि मी हातोडी घेऊन भलताच गट्टा ठोकतो.

द्राक्षवाला (पिंपळगाव बसवंत)

बासरी. गुरुजी मुंबईला. क्लास रात्री साडेनऊला, कारण दिवसा बागेतून सुटका नाही आणि गोडी छाटणीच्या दिवसांत रात्रीही नाही. पहिला महिनाभर गुरुजी म्हणायचे, "तुमचा श्वास पुरत नाही, स्वर मध्येच विरतो." मी बिचारा प्राणायाम करत बसलो. मग भाच्याने शोधून काढलं की फोनला लांब, सरळ स्वर म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि तो ती पुसून टाकतो! बोलण्यासाठी केलेली गाळणी आहे ती, तिला संगीत कळत नाही. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी सोय आहे, ती सुरू केली आणि माझा श्वास एका रात्रीत सुधारला.

तानपुऱ्याचंही तेच होतं. तुम्हाला ऐकू येतो, पलीकडे जातच नाही.

काळी पाच (कॉलेज रोड)

वरची सोय सुरू केली की तानपुरा पलीकडे पोहोचतो, पण त्याच्यासोबत कुकरची शिट्टी, भंगारवाला आणि गणपतीच्या आधी महिनाभर ढोल पथकाचा सरावही पोहोचतो. भीमपलासच्या आलापात नाशिक ढोल. आमच्या ताई म्हणाल्या, "ठेका छान आहे, पण विलंबित (संथ) घेऊ या."

झूमचं फुकट खातं असेल तर कॉल ४० मिनिटांनी तुटतो हे लक्षात ठेवा. आमचा नेमका तानांच्या वेळी तुटायचा. आता आम्ही आलाप-बंदिश आधीच्या कॉलमध्ये आणि ताना पुढच्या कॉलमध्ये घेतो, मध्ये चहा.

गाण्याच्या मावशी (म्हसरूळ)

मी शिकवते. माझी एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात आहे. माझी सकाळ साडेसहाची, तिच्याकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सहा. मी अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून बसते आणि शिकवते काय, तर यमन! कारण तिची संध्याकाळ आहे. सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायचं. एकदा हट्टाने सकाळचा भैरव घेतला तर ती म्हणाली, "मावशी, माझा दिवस संपलाय हो." नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग आमचा क्लास साडेसातला सरकतो आणि माझी नातवंडं शाळेच्या डब्यासाठी दारात उभी.

कॉलवर मला फक्त चेहरा दिसतो. गाणं चेहऱ्यातून थोडंच येतं? पाठ वाकलीय का, पोट आत खेचलंय का, हे दिसावं म्हणून मी सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे बसायला लावते. दुसरं म्हणजे, क्लासच्या आदल्या दिवशी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायला सांगते. कॉलवर आवाज कुठे दबतो, कुठे तुटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये गंधार ('ग') जिथे आहे तिथेच सापडतो. ते मी तीनदा ऐकते. समोर बसून शिकवताना मी कुणाचं गाणं तीनदा ऐकल्याचं आठवत नाही.

तरी सांगते, अगदी लहान मुलांना पहिलं वर्ष कॉलवर नको. सा लागत नसेल तर मी मुलाचा हात माझ्या गळ्यावर ठेवायची. ते कसं करू?

सोडून दिलेला (पाथर्डी फाटा)

मी पेटी शिकत होतो, बंद केली. एका ॲपवर २४ तासिकांचे पैसे आधीच भरले. चार महिन्यांत तीन शिक्षक बदलले आणि प्रत्येकाने सारेगमपासून सुरू केलं. पैसे परत मागितले तर म्हणे अटी वाचा. चूक माझीही आहे, माणूस न बघता पैसे भरले.

पण तो राग बाजूला ठेवला तरी, ही विद्या गुरूजवळ बसूनच मिळते. ते चहा पिता पिता काहीतरी गुणगुणतात, आधीच्या मुलाला रागावतात, त्यातून निम्मं शिक्षण होतं. कॉलवर घंटा वाजली की क्लास सुरू, घंटा वाजली की बंद. ही कसली परंपरा?

आजोबांची पेटी (पंचवटी)

मीही पेटीवालाच, वय ७१. नातीने फोन लावून दिला की बसतो. माझे शिक्षक माझ्या मुलाच्या वयाचे, मला काका म्हणतात आणि चुकलो की "काका, भाता!" एवढंच ओरडतात.

वरच्या परंपरेवर थोडं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. स्वरलिपी, वर्ग, नेमलेला अभ्यासक्रम, असं गाणं गुरूच्या घरातून शाळेत आणलं. ज्यांचं घराणं नव्हतं अशांनाही त्यामुळे शिकता आलं. हेच पलुस्कर पुढे आमच्या नाशकात रामनाम आधार आश्रम काढून राहिले, आणि त्यांचे चिरंजीव डी. व्ही. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले. आपण प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा म्हणतो ना, ती सगळी गांधर्व महाविद्यालय मंडळाची वाट त्यांच्याच पाऊलखुणांवरची. तेव्हा घंटेवर चालणाऱ्या क्लासला परंपरा नाही म्हणू नका.

सोडून दिलेला (पाथर्डी फाटा)

काका, मान्य. पण त्या शाळेत पोरं एका खोलीत तरी बसायची. शेजारच्याचं ऐकायची. माझ्या चोवीस तासिकांत मी दुसरा विद्यार्थी बघितला नाही.

आजोबांची पेटी (पंचवटी)

याला माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी सकाळी या आमच्याकडे. दोघं बसू, माझ्याकडे दोन पेट्या आहेत. एकीचा भाता गळका आहे, ती तुम्हाला.

मध्यमा प्रथम (देवळाली)

छोटंसंच. दोन वर्षं पूर्ण कॉलवर शिकून परीक्षेला बसले. घरी ॲपचा ठेका असतो, तो बिचारा कधी चुकत नाही आणि कधी थांबतही नाही. परीक्षेत समोर खरे तबलजी. त्यांनी बंदिशीचा मुखडा येताना माझ्याकडे बघून किंचित मान हलवली आणि मी गायचंच विसरले! माझ्या गाण्याकडे बघून कुणी मान हलवतं याची सवयच नव्हती. पास झाले. आता परीक्षेआधी महिनाभर गल्लीतल्या एका दादाला तबल्यावर बसवते.

धागा काढणारी (इंदिरानगर)

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वहिनींना मावशींचा निरोप दिला. छोटीला पहिलं वर्ष जवळच कुठेतरी लावताहेत, पुढचं पुढे.

एक लिहायचं राहिलं होतं. डिसेंबरात बाई भाचीच्या लग्नाला नाशकात आल्या आणि एक संध्याकाळ माझ्याकडे राहिल्या. शेजारच्यांचा तानपुरा मागून आणला, काळी पाच या सुरात लावला. बाई म्हणाल्या, "चल, लाव सा." त्यांनी सुरू केलं आणि मी गप्प. त्यांचं संपायची वाट बघत बसले. त्यांनी गाता गाताच डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मला आठवलं की आज थांबायचं नाहीये. लावला मग. पहिला जरा उशिराच लागला.

डग्गावाले, त्या तिपाईचा फोटो टाका ना. भाच्यासाठी हवाय.