रुग्णसंघटना: धीर देण्यापलीकडचे काम

रुग्णांना धीर देणे आणि देणग्या गोळा करणे एवढेच रुग्णसंघटनांचे काम असते, असे अनेकदा मानले जाते; हे मत मला अपुरे वाटते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचेच उदाहरण पाहावे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब हे औषध बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. नोव्हार्टिस कंपनी ते ग्लिव्हेक या नावाने विकत असे. त्याला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध १० हजारांच्या आसपास मिळे. संस्थेने नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला, म्हणजे हे औषध बनवण्या-विकण्याचा एकाधिकार मिळवण्याच्या मागणीला, हरकत घेतली, २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून स्पष्ट केले की, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपामुळे उपचाराची परिणामकारकता वाढत नसेल, तर त्याला पेटंट देता येत नाही. कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफत देत होती, हे खरेच. परंतु मर्जीने मिळणारे औषध आणि स्वतः विकत घेता येणारे औषध यांत रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक असतो. अर्थात, ज्यांना दरमहा १० हजारही झेपत नव्हते, त्यांचा प्रश्न या लढ्याने सुटला नाही. त्यासाठी सरकारी रुग्णालयांतील मोफत पुरवठ्याचाच आग्रह धरावा लागतो.