गमबुटात पोटऱ्या काऊन भरून येतात?

वावरकर: पऱ्हाटीत फवारणी सुरू आहे, पंप 16 लिटरचा. गमबूट एक नंबर मोठे, मोजे पातळ. दोन-तीन तासांत पोटऱ्या भरतात, नडगी पुढून ठणकते आणि ओल्या धुऱ्यावर तोल जातो. स्लिपरवर असं होत नाही. सवय होईल की बूट बदलावे?

तळवा (फिजिओ): सवय होत नाही, बूट बदला. दोन्ही दुखण्यांची कारणं वेगळी आहेत. पाऊल उचलताना चवडा वर धरायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूचं. काळी माती बुटाला थापली गेली की तेवढं वजन तो पावलागणिक उचलतो. पोटरीचा दोष ढिल्या मापाचा: टाच वर-खाली होते, पाय आत सरकू नये म्हणून बोटं आवळली जातात, आणि बोटं आवळणारे लांब स्नायू पोटरीच्या आतल्या थरात असतात. त्यात पंपातलं पाणी हिंदकळलं की तोल घोट्यालाच सावरावा लागतो.

स्लिपरचा बंधही बोटांनीच धरावा लागतो, ती हलकी म्हणून जाणवत नाही. फवारणीत ती नकोच, औषध थेट कातडीवर येतं. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीने झालेली विषबाधा आठवा.

टाके_सोल: माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. फवारणीचेच मोजे घालून उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी. चालताना टाच सुटत असेल तर लहान नंबर बघा. तो बोटांना लागत असेल तर मोठ्यातच 3-4 मिलिमीटरचा कडक सुखतळा घाला, फोमचा नको, तो दबून पुन्हा ढिला होतो. तळाच्या खाचा खोल आणि लांब-लांब असाव्यात. बारीक नक्षी चार पावलांत चिखलाने बुजते, मग तळ गुळगुळीतच. धुऱ्यावर चढायच्या आधी काडीने खरवडा.

वावरकर: आईसाठी जाड फोमची मऊ चप्पल पाहिली आहे. वय 65. ती ठीक?

तळवा (फिजिओ): दुकानात बरी वाटते, ढेकळांत दगा देते. फोम एका कडेला दबतो, तळव्याला उतार नीट कळत नाही आणि घोटा वळू लागल्यावर बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा आवळतात. सोल पातळ पण टणक, टाच 2.5 सेंटीमीटरपेक्षा कमी आणि मागे पट्टा असलेली सँडल घ्या. मात्र सोल इतकाही पातळ नको की तुरीचा खुंट आरपार जाईल. साखर असेल, तळवे बधिर असतील, तर पुढून बंद जोडा घ्या आणि घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा-काटा बघा.

वावरकर: नाही, साखर नाही. मागे पट्टावालीच बघतो.

टाके_सोल: धुरा ओला असेल तर पंप 10-12 लिटरच भरा, फेरा एक वाढेल. पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली की औषध ओघळून बुटात साचतं.

तळवा (फिजिओ): एकच पोटरी सुजली, गरम लागली तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.