मदत हवी आहे: सोलर दिवे जेवणं होईस्तोवर गुल

मंडळी, इंदूरात कोणी सोलर गार्डन लाइट वापरतं का? आमच्या अंगणात सहा आहेत, दोन वर्षं झाली, आधी पहाटेपर्यंत चालायचे आता दिवेलागणीला लागतात आणि जेवणं होईस्तोवर गुल. पॅनल पुसलं, धुळीचा थर होता नुसता, तरी तेच. काल एक उघडला तर आत एकच पेन्सिल सेल, निकेल मेटल हायड्राइड (चार्जिंगचा), १.२ व्होल्ट ६०० एमएएच (म्हणजे साठवण क्षमता), आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवं काहीतरी जमलंय (पाणी शिरलं असणार, रबर पार सुकलंय). जेल रोडवर एकजण म्हणाला साधा दीड व्होल्टचा टाका, पण तो चार्जिंगचा नाही, फुटायचा ना उगाच! आणि २००० एमएएचचा टाकला तर एवढंसं पॅनल तो दिवसभरात भरेल का? स्प्रिंग लिंबाने घासू की सँडपेपरने?