मदत हवी आहे : धूम्रपान करणाऱ्या कामगारांचे राज्यवार आकडे

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात २००८ च्या नियमांनुसार धूम्रपानबंदीचा फलक आहे, पण त्याच्याच खाली, जिन्यात, रोज बिडीची थोटके पडलेली असतात. व्यवस्थापनापुढे विषय मांडण्यासाठी मी प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या जागतिक सर्वेक्षणाचा २०१६-१७ चा भारताचा अहवाल आणि महाराष्ट्राचे माहितीपत्रक वाचले. भारतात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या ३०.२ टक्के प्रौढांना कामावर इतरांचा धूर सोसावा लागतो, हे त्यात आहे. मात्र यांपैकी जे स्वतःही धूम्रपान करतात, त्यांचा मला वेगळा हिशेब हवा आहे, कारण बिडी सोडू पाहणाऱ्याला शेजारचा धूरच पुन्हा ओढून नेतो. दंडाची माहिती नको. मला एक्सेलपुरतेच येते. सर्वेक्षणातील एकेका व्यक्तीच्या उत्तरांच्या मूळ नोंदींतून अशा कामगारांची महाराष्ट्र, गुजरात आणि केरळ अशी तुलना कशी काढावी?